भुऱ्याची सवय

"पंखा पण?" शरच्चंद्ररावांनी विचारलं.

"पंखा पण," मालतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण बंद केलं. कूलर त्यांनी आधीच बंद केला होता.

मे महिन्याची पहिली तारीख, दुपारचे बारा, आणि दहिवलीतलं ते वर नुसती स्लॅब असलेलं बैठं घर. पाती थांबेपर्यंत शरच्चंद्रराव वर बघत राहिले. त्यांचा गावठी कुत्रा भुऱ्या नेहमीप्रमाणे कूलरसमोर पसरला होता. त्याने एक डोळा उघडून कूलरकडे पाहिलं, मग मालतीबाईंकडे पाहिलं, आणि काहीतरी चूक झाली असेल, आता सुधारतील, अशा विश्वासाने तो डोळा पुन्हा मिटला.

"सवय त्याला लावायची आहे ना? मग आपण आतल्या खोलीत..."

"त्या मुक्या जिवाला उकडत ठेवून आपण आत वारा घेत बसायचं? शोभतं का?"

'शोभतं का' या प्रश्नाला शरच्चंद्ररावांना लग्नानंतर एकदाही उत्तर सापडलेलं नव्हतं. त्यांनी टॉवेल घेतला आणि ते घाम पुसायला बसले.

त्यांची मुलगी अंतरा मस्कतला होती. जुलैत तिचं बाळंतपण होतं, आणि आईबाबांनी आता कायमचं तिकडेच राहायला यावं असं तिने आणि जावयांनी ठरवलं होतं. शरच्चंद्रराव भिवपुरीच्या वीज केंद्रातून भांडारपाल म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कुठेही राहायला सांगितलं तरी ते आधी गोंधळायचे आणि मग राहायचे. मालतीबाईंची मात्र एक अट होती. "भुऱ्या येणार असेल तर मी येईन. त्याला रस्त्यावर सोडून मी नातवंडाला काय तोंड दाखवू?" त्यामुळे अठ्ठावीस मेची तीन तिकिटं निघाली होती. भुऱ्याच्या मानेत चिप बसली होती. त्याचं रक्त तपासणीसाठी परदेशी जाऊन आलं होतं. म्हणजे तसं पाहिलं तर त्या घरातला पहिला परदेशप्रवास भुऱ्याच्या रक्तानेच केला. राहिला होता फक्त डॉक्टरांचा शेवटचा दाखला.

त्या दाखल्यासाठीच ते आदल्या दिवशी कर्जतला डॉ. निलेश यांच्याकडे गेले होते. डॉक्टर तेव्हा एका शेळीच्या पोटावर हात ठेवून उभे होते आणि शेळी सारखी ओरडत होती. "काकू, तिकडे उन्हाळा भयंकर," डॉक्टर म्हणाले. शेळी ओरडली. पुढे "सवय लावा" एवढं ऐकू आलं. मग शेळीने दम घेतला, तेव्हा "रोज दुपारी तीन-चार तास, तीन आठवडे. जबरदस्ती नको. बावीस तारखेला आणा, दाखला देतो," असं स्पष्ट ऐकू आलं. मधलं एखाद-दुसरं वाक्य शेळीने खाल्लं होतं खरं; पण मालतीबाईंनी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. गाळलेल्या जागा भरणं त्यांना अवघड नव्हतं.

तर अशी उन्हाळ्याची सवय सुरू झाली. शरच्चंद्ररावांनी भिंतीवर तापमापक टांगला आणि वहीत आकडे लिहायला घेतले. पहिल्या दिवशी घरात एकोणचाळीस. दुसऱ्या दिवशी चाळीस. तिसऱ्या दिवशी त्यांना आकडे नीट दिसेनात, तेव्हा त्यांनी अंदाजाने लिहिलं.

धुण्याभांड्याला येणारी जयवंता दारातच थबकली. "काकू, लाइट गेलीय का गं?"

"नाही. भुऱ्याला सवय लावतोय उन्हाळ्याची. तिकडे पन्नासपर्यंत जातं म्हणे."

"अगं, पण कुत्र्याला तापवायला तुमी दोगं कशापायी तापताव? आमच्या पोशीरला कुत्री भातखाचरात उन्हातान्हात हिंडतात. त्यांना कुनी सवय लावली नाय."

"त्यांना विमानाने जायचं नसतं जयवंता," मालतीबाई शांतपणे म्हणाल्या.

चौथ्या दिवशी दुपारी भुऱ्या नाहीसा झाला. मागच्या दाराच्या फटीतून बारा वाजता गेला तो पाचला उगवला. मालतीबाईंनी त्याला जवळ घेतलं आणि त्या चमकल्या.

"अहो, हात लावून बघा. भर उन्हात फिरून आलाय आणि अंग कसं गारेगार!"

शरच्चंद्ररावांनी हात लावला. गार होतं. कान तर फ्रिजमधल्या काकडीसारखे होते.

"म्हणजे लागली सवय!" मालतीबाईंना भरून आलं. "चार दिवसांत! मुका जीव, पण समज बघा."

शरच्चंद्ररावांना हे पटत नव्हतं. पण न पटण्याचं कारणही सांगता येत नव्हतं. त्यांनी वहीत 'भुऱ्या: गार' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. सलग तीन दिवस तसंच झालं. त्याच्या पुढच्या दिवशी भुऱ्याच्या अंगाला मोगऱ्याच्या अत्तराचा वासही आला, तेव्हा त्यांनी आणखी एक प्रश्नचिन्ह काढलं.

जयवंताला तर भीतीच वाटली. "उन्हातनं आल्यालं कुत्रं गार? काकू, ह्ये बरं नाय. ह्याला कायतरी झालंय."

काही झालं असेल तर दाखला मिळणार नव्हता, आणि दाखला नाही तर मालतीबाई येणार नव्हत्या. हे लक्षात आल्यावर शरच्चंद्ररावांनी धीर गोळा केला. दुसऱ्या दिवशी बाराला ते छत्री घेऊन भुऱ्याच्या मागे निघाले. भुऱ्या सावली बघून बघून चालत होता. शरच्चंद्ररावांना तेवढं सुचलं नाही. नदीकडच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. तिथे एक मोठी नवी इमारत उठत होती आणि फाटकाशी सँपल फ्लॅट सजवून ठेवला होता. भुऱ्याने काचेच्या दारावर पंजा मारला. दार आतून उघडलं आणि तो घरच्यासारखा आत गेला.

शरच्चंद्ररावही आत गेले. आत थंडी होती. उन्हाळ्यातला गारवा नव्हे. चांगली पौषातली थंडी. आणि भुऱ्या एका पांढऱ्या सोफ्यावर उशीला टेकून पडला होता.

"या अंकल, बसा! पाणी घ्या थंड." टाय लावलेला एक तरुण पुढे आला. "मी हर्षद. वन बीएचके बघताय की टू?"

"मी... हा कुत्रा..."

"ब्रूनो! आपला प्रोजेक्ट पेट फ्रेंडली आहे, अंकल. हे बघा." हर्षदने चकचकीत माहितीपत्रक पुढे केलं. त्यावर डोंगर होता, पोहण्याचा तलाव होता, आणि तलावाकाठी भुऱ्या होता. "ब्रूनो बसला की मुंबईच्या पार्टीला फॅमिली फील येतो. कालच मोगऱ्याचा स्प्रे मारून याचा फोटो काढला आणि आज हे छापून आलं."

'हा आमचा भुऱ्या आहे,' हे वाक्य शरच्चंद्ररावांनी मनात तयार केलं. पण ते बोललं की उठून जावं लागेल, आणि बाहेर एकेचाळीस होतं. भुऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि ओळख न दाखवता मान फिरवली. ते त्यांना समजूतदारपणाचं वाटलं.

"टू," शरच्चंद्रराव म्हणाले आणि बसले.

घरी जाऊन सगळं सांगायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण घरी मालतीबाई लाल चेहऱ्याने, ओल्या पदराने भुऱ्याची वाट बघत बसलेल्या होत्या आणि "लागतेय हो सवय" असं इतक्या आनंदाने म्हणाल्या, की आज नको, उद्या सांगू असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी ते भुऱ्यावर लक्ष ठेवायला म्हणून पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी वाचायला पुस्तक घेऊन गेले. पुढे पुढे भुऱ्या फाटकाशी त्यांच्यासाठी थांबायला लागला.

एका संध्याकाळी जयवंता चहाचा कप देत असताना तिचा हात त्यांच्या हाताला लागला. ती किंचाळलीच. "काकू! काकांना पन झालंय गं!"

मालतीबाईंनी नवऱ्याचा हात चाचपला आणि क्षणभर त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. "तुम्हाला पण लागली सवय? मला मेलीला अजून नाही लागत." शरच्चंद्ररावांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सांगायला हवं होतं, पण आता सांगायचं कुठून सुरू करावं हेच कळेनासं झालं होतं.

बावीस तारखेला तिघं रिक्षाने कर्जतला गेले. रिक्षातून उतरेपर्यंत भुऱ्याची जीभ हातभर बाहेर आली होती आणि शरच्चंद्ररावांची जवळजवळ तशीच गत होती. एकट्या मालतीबाई ताठ बसल्या होत्या.

"काय, बसतो ना आता पेटीत?" डॉ. निलेशनी विचारलं.

"कसल्या पेटीत?"

"विमानाच्या, काकू. अंतराताईंनी पाठवलेली निळी पेटी, जाळीच्या दाराची. आली ना?"

"ती होय! ती आली. तिच्यात आंबे घातलेत पिकायला."

डॉक्टरांनी हातातलं इंजेक्शन खाली ठेवलं. "आंबे?"

"मे महिन्यात घरी पेटी आली तर तिच्यात दुसरं काय घालणार माणूस? तुम्ही तर उन्हाळ्याची सवय लावा म्हणालात."

"मी? अहो, मी म्हटलं, तिकडे उन्हाळा भयंकर. पण घरं, गाड्या सगळं एसी, त्यामुळे उन्हाची काळजी नको. फक्त पेटीत बसायची सवय लावा. गावठी कुत्र्याला उन्हाळा शिकवायला मला काय वेड लागलंय?"

या वेळी शब्द न् शब्द ऐकू आला होता. त्या दिवशी शेळीही नव्हती.

"असू दे," मालतीबाई सावरून म्हणाल्या. "उन्हाळा तरी पक्का झालाय त्याचा. रोज दुपारी उन्हात हिंडतो."

"मग एवढा धापा का टाकतोय?"

"तो हिंडत नाही," शरच्चंद्रराव जमिनीकडे बघत म्हणाले. "नदीकडच्या सँपल फ्लॅटमध्ये एसीत झोपतो."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी पण तिथेच असतो."

 घरात पाऊल टाकताच मालतीबाई कडाडल्या. "तीन आठवडे! तीन आठवडे मी इथे पापडासारखी वाळले आणि तुम्ही दोघं तिथे सोफ्यावर! वर मी देवापुढे दिवा लावून सांगतेय, भुऱ्याची आणि ह्यांची सवय टिकू दे!"

"चुकलं."

"चुकलं म्हणून दाखला मिळतो का? सहा दिवस राहिलेत. सव्वीसला संध्याकाळपर्यंत कळवा, तरच दाखला, म्हणालेत डॉक्टर. पेटीत बसला नाही तर तो जाणार नाही, आणि तो नाही तर मी नाही. पोरीला काय सांगू? बाळंतपण पुढे ढकल म्हणून?"

भुऱ्या दुपारी घरात थांबायचा नाही, हे आता उघड होतं. म्हणजे पेटीच त्याच्याकडे न्यायला हवी होती. मालतीबाईंनी आंबे टोपलीत काढले, पेटी पुसली, आणि दुसऱ्या दिवशी बाराला तिघं पेटीसह सँपल फ्लॅटच्या दारात उभे राहिले.

"अंकल, सामान आत्ताच?" हर्षद दचकला. "पझेशन डिसेंबरमध्ये आहे!"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. टू बीएचकेचं गिऱ्हाईक गेलं, ब्रूनोही चालला, हे ऐकून तो खुर्चीतच बसला. पण मालतीबाईंनी बाळंतपणाचं सांगितल्यावर विरघळला. "ठीक आहे काकू, बसा चार दिवस. फक्त पार्टी आली की फॅमिलीसारखे हसत बसा."

ते हसत बसले. भुऱ्या पेटीकडे ढुंकून बघेना. आत बिस्किटं टाकली. ती त्याने बाहेर उभं राहून, मान लांब करून खाल्ली. शरच्चंद्ररावांनी स्वतः आत डोकं घालून दाखवलं. तेव्हा एक पार्टी आली आणि काही न विचारता निघून गेली. शिवाय मालतीबाईंना थंडी सोसेना. तीन आठवडे चाळीस अंशांत काढलेल्या अंगाला ती अठरावरची हवा झोंबत होती. पहिल्या दिवशी त्यांनी शाल आणली, दुसऱ्या दिवशी स्वेटर, तिसऱ्या दिवशी कानटोपी.

चौथ्या दिवशी, सव्वीस तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत डॉक्टरांना कळवायचं होतं. साडेपाच वाजले. भुऱ्या सोफ्यावर होता. मालतीबाई खाली गालिच्यावर बसल्या होत्या आणि एसीचा झोत नेमका त्यांच्या पायांवर येत होता.

"गारठले हो पाय," त्या पुटपुटल्या, आणि दुसरा आडोसा दिसेना म्हणून त्यांनी दोन्ही पाय सरळ पेटीत घातले.

भुऱ्याने मान वर केली. त्या खोलीत तेवढीच एक ऊब असावी, किंवा इतक्या दिवसांनी त्याला त्यांची दया आली असावी. नक्की काय ते शरच्चंद्ररावांना शेवटपर्यंत कळलं नाही. तो सोफ्यावरून उतरला, वाकून पेटीत शिरला, आत एक गिरकी घेतली आणि मालतीबाईंच्या पायांवर हनुवटी टेकून पसरला.

"गेला!" हर्षद कुजबुजला. "अंकल, गेला!"

"दार लावू?" शरच्चंद्ररावांनी श्वास रोखून विचारलं.

"माझे पाय आत आहेत."

"हळूच काढ की."

मालतीबाईंनी एक पाय सूतभर मागे घेतला. भुऱ्या लगेच उठायला लागला. त्यांनी पाय परत आत सरकवला. तो निजला.

कुणीच हललं नाही. घड्याळात सहाला पाच कमी होते.

"डॉक्टरांना फोन लावा," मालतीबाई कानटोपी सारखी करत म्हणाल्या.

"आणि काय सांगू?"

"सांगा, पेटीत बसतो म्हणून. आणि विचारा, दाखल्यात 'पायांसकट' असं लिहिता येतं का."