नानांच्या डोक्यावरची अर्धी टोपी

दिपमालाच्या टोपीचा शेवटचा वेढा चालू होता, आणि नेमके तेव्हाच पाहुणे आले.

शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा होती. घरातल्या जुन्या स्वेटरांची उरलेली लोकर गोळा करून, मोबाईलवर बघत बघत तिनं क्रोशाची टोपी विणायला घेतली होती. थोडी जांभळी, थोडी पोपटी, आणि मध्येच एक पट्टा असा भडक गुलाबी की लांबून दिवा लागल्यासारखा दिसावा.

"मार्च महिन्यात लोकरीची टोपी? तीही आपल्याकडे?" आईनं विचारलं होतं.

"आई, जाळीची वीण आहे. इतकी हलकी की घातल्याचं कळणारसुद्धा नाही. वारा आरपार!" नववीत आल्यापासून दिपमालाला जगातल्या सगळ्याच गोष्टींची खात्री वाटायला लागली होती.

पाहुणे साक्रीकडचे होते. त्यांची पुनम आणि दिपमालाचा कुंदनकाका, अशी बोलणी चालली होती. काकाला मुलगी मनापासून आवडली होती. अडचण होती ती पुनमच्या आजोबांची, तोतारामनानांची. नानांनी आजवर आलेलं प्रत्येक स्थळ मोडलं होतं. एका घराला तर तिथली म्हैस आपल्याकडे नीट बघत नव्हती, म्हणून नकार दिला होता.

"यांना जरा जरी खुपलं, तरी माझं लग्न या जन्मात होत नाही," काका सकाळपासून घरभर सांगत फिरत होता.

पाहुण्यांना टोपी-टॉवेल द्यायची पद्धत. दिपमालाच्या आजोबांनी, आबांनी, मोजून टोप्या आणल्या होत्या. सत्काराच्या भरात ते दारापासून सुरू झाले, आणि दारापाशी बसला होता गाडीचा ड्रायव्हर. त्याच्या डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी बसली. मग पुढच्याच्या, मग त्याच्या पुढच्याच्या. आबा नानांसमोर पोचले तेव्हा ताटात फक्त नारळ होता.

ड्रायव्हरच्या डोक्यावरची काढावी, तर त्याचा अपमान. नानांना बोडकं ठेवावं, तर लग्नच गेलं. आबांनी पडद्यामागं विणत बसलेल्या दिपमालाकडे हात केला आणि दबक्या आवाजात म्हणाले, "टोपी दे! कोनती बी दे!"

"घ्या ना, माझी आहे की!" दिपमालानं टोपी हातात ठेवली. "फक्त आबा, ती अजून..."

पण आबा वळलेही होते. जांभळी-पोपटी टोपी नानांच्या टकलावर विराजमान झाली. क्रोशाची सुई तिला तशीच अडकलेली, कानाशी भिकबाळीसारखी लोंबत होती. आणि लोकरीचा धागा नानांच्या पाठीवरून, खुर्चीखालून, पडद्याखालून थेट आतल्या गुंड्यापर्यंत गेला होता.

नाना नुसते ताठ बसले.

"चिडले," काका पुटपुटला.

"गोठा दखाडा पहिले," नाना म्हणाले आणि उठून चालू लागले.

गुंडा आत पाटाच्या पायात अडकला होता. धागा ताणला गेला, सुई निसटून खाली पडली, आणि टोपी काठाकडून उसवायला लागली. एक टाका, दुसरा टाका, सर्रर्र! दिपमालानं गुंडा सोडवून काखेत मारला, सुई उचलली आणि नानांच्या मागं धावली. सुटलेला टाका पकडून तिनं नानांच्या डोक्यावरच विणायला सुरुवात केली.

"काढून घे ना ती!" काका कुजबुजला.

"पाहुण्याच्या डोक्यावरची टोपी काढू? तूच काढ!"

काकानं हात मागं घेतला. "नको. तू वीण."

नाना चालले की टोपी उसवायची, थांबले की दिपमाला भरून काढायची. कुठून सुटलं आणि कुठवर विणलं, याचा हिशेब राहिला नाही. टोपी उसवायच्या ऐवजी वाढायलाच लागली. गोठ्याच्या दाराशी ती नानांच्या कानांवर आली, विहिरीपाशी भुवयांवर.

"पोरी, तू मना मांगे मांगे कसाले फिरी ऱ्हायनी?"

"पाहुण्यांना वारा घालतेय, नाना!" ती म्हणाली आणि मोकळ्या हातानं खरंच वारा घातला.

कात्री नव्हती, म्हणून धागा दातांनी तोडावा असं तिला वाटलं. चवड्यांवर उभी राहून तिनं तोंड नानांच्या कानाशी नेलं, तेवढ्यात नाना वळले.

"कानमा काय सांगी ऱ्हायनी ही?"

"चहात साखर किती, ते विचारतेय," आबा घाईघाईनं म्हणाले.

नानांच्या कपाळावरून घाम गळत होता. तोंड लाल झालं होतं. ते दात-ओठ आवळून बघत होते, आणि काकाला त्या लाल तोंडावर आपलं ब्रह्मचर्य स्पष्ट दिसत होतं.

शेवटचा घाव बकरीनं घातला. गुंड्याचा लोंबता धागा तिला चाऱ्यासारखा वाटला. तिनं तो चावला आणि जी ओढ दिली, तिनं नानांची मान मागं आभाळाकडे झाली.

"बस!" नाना ओरडले.

काकानं डोळे मिटून हात जोडले.

नाना बाजेवर बसले. आबांकडे बघताना त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "झुलालभाऊ, एक सांगू का? राग मानशात नही ना?"

"सांगा ना, नाना," आबा म्हणाले.

"माले ही टोपी काढनी शे. मघापासून डोकं खाजी ऱ्हायनं. मना जीव चालना!"

"मग काढायची ना!" आबा आणि काका एकदम म्हणाले.

"कशी काढू? तुमनी मानाची टोपी! पुनमनी दम दिधा शे माले. म्हने, नाना, तिठे काही खोड काढी, ते मना तुमना संबंध खलास! म्हणीसन गप बसनू."

त्यांनी टोपी ओढून काढली. टकलावर जाळीच्या विणीची लाल नक्षी जशीच्या तशी उमटली होती.

"म्हणजे... तुम्ही नापसंत नाही केलं?" काकाला विचारताना फुटलेला घाम नानांच्या घामापेक्षा जास्त होता.

"मी कसाले करू? मीच घाबरेल व्हतू, तुम्ही माले नापसंत करशात!"

मग काकानं पोट आत ओढून लावलेलं शर्टाचं शेवटचं बटण सोडलं आणि सकाळपासून पहिल्यांदा श्वास घेतला. नानांच्या सोबतच्या एकानं नव्या बुटातून पाय काढले. आईनं नवा गजरा मानेला टोचतोय म्हणत उतरवला.

"मंग मी बी काढी टाकस," आबा म्हणाले, आणि त्यांनी पाहुण्यांसाठी मुद्दाम बसवलेली कवळी काढून खिशात टाकली.

त्यानंतर त्यांनी उभं राहून, सगळ्यांसमोर, मोठ्या आनंदानं लग्न जमल्याचं जाहीर केलं. त्यातला एक शब्द कुणाला कळला नाही, पण साखर मात्र सगळ्यांनी खाल्ली.