विमानाला दाखवलेलं लाल लुगडं

सन अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात मी एक दोरा मोजायला घेतला, आणि त्या दोऱ्याने मला थेट रेल्वेच्या गार्डापुढे नेऊन उभं केलं.

मी जऊळक्याच्या शाळेत मास्तर. सासरे मारोतराव मंगळवारी मुंबईहून नागपूरला विमानाने जाणार, असं पत्र आलं. (आमच्या खानदानात तोवर झाडावर चढलेला माणूसच सगळ्यात उंच गेलेला.) पत्र ऐकताच विजयमाला, म्हणजे आमची मंडळी, रडायलाच लागली.

"चार सालं झाले बाबाले पाह्यलं नाई! आता थे वरच्या वरच चालले!"

तिचं रडणं मला पाहवेना. शाळेतला नकाशा घरी आणला आणि मुंबईच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत दोरा ताणला. चारशे तीस मैल. पावणेतीन तासांचा प्रवास. आणि दोरा बरोबर आमच्या डोक्यावरून!

"आठाले निघालं का दहाले दहा कमी असताना इथं," मी जाहीर केलं.

"मंग बाबाले आपन दिसू?"

"लाल काही हालवलं तं दिसूच." (मी विमान फक्त चित्रात पाहिलं होतं.)

मंगळवारी रुळाशेजारच्या उंचवट्यावर आम्ही दोघं उभे. तिचं लग्नातलं लाल लुगडं बांबूला बांधलेलं. अकोल्याची नऊची पॅसेंजर केव्हाच गेली असणार, असं मी धरून चाललो. (ती कधी वेळेवर आल्याचं मला आठवत नाही, पण त्या दिवशी नेमकं हेही आठवलं नाही.) पावणेदहाला घरघर ऐकू आली.

"आलं! आलं!" आकाशाकडे पाहत मी लुगडं जोरजोरात हलवू लागलो.

"आवो, आवाज तं खालून येऊन राह्यला!"

"वाऱ्यानं तसं वाटते!"

एकदम चाकं किंचाळली. मान खाली केली तर वीस हातांवर इंजिन, वाफ सोडत उभं! ड्रायव्हर ओरडत होता, "पूल टूटा क्या?" प्रत्येक खिडकीतून चार चार मुंडकी बाहेर. गार्ड वही घेऊन धावत आला.

"लाल झेंडी काहून दाखवली?"

"गाडीले नाही... विमानाले."

गार्ड दोन पावलं मागे सरकला.

तेवढ्यात दुसऱ्या डब्यातून धोतर सावरत साक्षात मारोतराव उतरले!

"बाबा! तुमी तं विमानात व्हते ना?"

"परवा विमानतळावर पुसाले गेलो, बाई. साहेब म्हने, पावनेतीन घंट्यात नागपूर. म्या म्हनलं, रस्त्यात माह्या पोरीचं गाव लागते, तिथं जरा थांबवसान का? थो हासला. मंग म्या रेल्वेनंच आलो."

विजयमाला त्यांच्या गळ्यात पडली. ड्रायव्हरसुद्धा डोळे पुसायला लागला. गार्डने मात्र पेन्सिल ओली केली आणि मारोतरावांना विचारलं, "हा मास्तर तुमचा कोन?"

मारोतरावांनी मला नीट न्याहाळलं. बांबू पाहिला, लुगडं पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले,

"पोरगी माही हाये, साहेब. ह्या मानसाले म्या आजच पाहून राह्यलो."