सशिणीचं 'लुक आफ्टर'

एका जंगलात शाळा एकच उरली होती, मुलांनो, आणि ती इंग्रजी होती. मुख्याध्यापक बगळे सर. तिथं पिल्लाआधी आईची मुलाखत होई.

मृदुला सशिणीला तिच्या इवलूच्या प्रवेशासाठी शब्द मिळाला 'लुक आफ्टर'. अर्थ सांगायचे, रोजच्या वापरातली वीस वाक्यं म्हणायची. नाही जमलं तर प्रवेश नाही.

मृदुला शिकलेली होती, पण मराठीत. तिनं सरांचाच शिकवणीवर्ग लावला, सकाळ-संध्याकाळ. इवलूला शेजारच्या सायाळकाकूंकडे ठेवलं. काकूंच्या अंगभर काटे, त्यात त्या अडाणी. पण दुसरं होतं कोण?

एकदा इवलूला ताप भरला.

"आई, जवळ बस ना."

"बसते हं राजा. तेवढं 'लुक आफ्टर' संपू दे."

काकूंनी काटे मिटून त्याला कुशीत घेतलं. "तू जा गं बाई. तुझं काय ते महत्त्वाचं असेल."

हा टोमणा होता का, हेच मृदुला वर्गभर ठरवत बसली. त्यापायी एक वाक्य चुकलंही.

मुलाखतीत मात्र एकही चुकलं नाही. सांभाळणे, काळजी घेणे, देखभाल करणे. शेवटी ती मान वर करून म्हणाली, "आय लुक आफ्टर माय चाइल्ड."

"छान. मूल कुठंय?"

मूल दाराबाहेर काकूंना बिलगलं होतं. हाक मारली तरी येईना.

सरांनी काकूंना विचारलं, "बाई, तुम्हाला येतं का 'लुक आफ्टर'?"

"न्हाई ओ सर. ह्यो मांडीवरनं हलंल तवा शिकायचं ना."

सरांनी शेरा लिहिला : 'आई उत्तम. प्रवेश मंजूर. पिल्लास अशिक्षित संगतीपासून दूर ठेवावे.' मग म्हणाले, "सोमवारपासून 'ब्रिंग अप'. म्हणजे वाढवणे. आयांना सक्तीचं आहे."

"मग ह्याला ठेवू कुठं?" मृदुलेनं भीत भीत विचारलं.

"आमचं पाळणाघर आहे ना. कोल्हे सर बघतात."

मृदुला थबकली. "कोल्हे सर?"

"फार गोड इंग्रजी आहे त्यांचं."

आपणच मागासलेल्या आहोत की काय, असं तिला वाटलं. तिनं सही केली. इवलूच्या वजनाचा रकाना कोल्हे सरांनी स्वतः भरून घेतला.

तर ह्यातून घ्यायचं तात्पर्य : मूल कुणाच्या हाती द्यावं असा प्रश्न पडला, तर आधी घेणाऱ्याचं इंग्रजी तपासावं. दात काय, नंतरही दिसतात.