दोरी तितकीच, आत किती?

गेल्या महिन्यात एका रविवारी, चर्चमधून परतल्यावर, बस्त्याव मास्तर आणि त्यांचा धाकटा भाऊ जुझे यांनी आपल्या दोन घरांमधला गडगा काढला. गडगा चिऱ्यांचा, कमरेएवढा, दहा वाव लांब होता. दोन्ही हात पसरले की होते ती एक वाव. आचऱ्याच्या खाडीकाठी दोर अजून असाच मोजतात. चिरे हलवायला वाडीतले दोघे आले होते. पहिला चिरा जुझेने उचलला.

मास्तर आमचे शेजारी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षे झाली, पण खांद्यावरची दोरी उतरली नाही. दोरी आठ वावांची, दोन्ही टोके एकमेकांना बांधलेली. भेटल्यावर ते कुणाला ‘बरा मां?’ असे विचारत नाहीत. ‘आत किती?’ असे विचारतात. संध्याकाळी तिठ्यावर बसणाऱ्यांपैकी कुणी ‘आत दोन पेले, मास्तर’ असे उत्तर देतो. मास्तर त्याला दोरी दाखवतात आणि पुढे जातात.

चौथीत मी त्या दोरीचा एक कोपरा होतो. चौघांनी चार कोपरे धरायचे आणि मध्ये दत्तूने बसायचे. दत्तू वर्गात सगळ्यांत जाडा. चौरस होता तोवर तो मांडी घालून ऐसपैस बसला होता. मग मास्तरांनी आम्हाला दोन बाजू लांब आणि दोन आखूड करायला लावल्या. दत्तू उठून उभा राहिला. आणखी ताणल्यावर तो कुशीवर वळला, पोट आत घेतले आणि शेवटी दोरीखालून बाहेर आला.

“दोरी तुटली?” मास्तरांनी विचारले.

“नाय.”

“कमी झाली?”

“नाय.”

“मगे दत्तू भायर कित्या?”

“माका जेवान जास्त झाला, मास्तर,” दत्तू म्हणाला.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिले: परिमिती म्हणजे भोवती किती. क्षेत्रफळ म्हणजे आत किती. त्याखाली लिहिले: भोवती फिरता तो पाहुणो, आत बसता तो घरचो. तपासणीला आलेल्या साहेबांनी खालची ओळ पुसायला सांगितली, कारण ती पुस्तकात नव्हती. मास्तरांनी ती पुसली आणि वर्गाकडून तोंडी म्हणून घेतली. त्या वर्गातले अर्धे लोक आज मुंबईत आणि आखातात आहेत. गणपतीला गावी आले की ती ओळ त्यांना अजून येते.

शाळेबाहेरही त्यांचा वर्ग चालूच असे. आमच्या आईने भिंतीलगत लांबट खुराडे केले होते. मास्तरांनी एके दिवशी तीच जाळी सोडून तिचा चौरस केला.

“आता कोंबड्यांका फिराक जागा झाली.”

“अंडी तितकीच घालतत, मास्तर,” आई आठवड्याने म्हणाली.

“अंड्यांचा माका म्हायत नाय. आत वाढला.”

लग्नात ते मांडवाभोवती फिरत. मांडव लांबट असेल तर मांडववाल्याला सांगत की एवढीच झालर चौकोनी मांडवाला लावली असती तर आणखी एक पंगत बसली असती. “झालर माझी, लगीन तेंचा, तुमी जेवक बसा,” मांडववाला म्हणे. मास्तर बसत, पण पंगत मोजून.

एक गोष्ट मात्र कुणाला कळत नव्हती. मास्तरांच्या आवारात फणस, पोफळी, अबोली, काय वाट्टेल ते होते. फक्त गडग्याला लागून आपल्या बाजूला त्यांनी सव्वा वाव रुंदीची पट्टी मोकळी ठेवली होती. तिथे ते काही लावत नसत. रोज सकाळी ती झाडत. मुळांनी गडगा पडेल म्हणून असेल, असे आम्ही धरून चाललो होतो.

गडग्याची हकिगत वाडीतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. वडिलांनी हयातीतच वाटणी केली. जागा वाकडी होती: वर चौरस, खाली खाडीच्या बाजूने लांब पट्टी. वडील रापणीवर मासे ओढणारे. त्यांनी रापणीची दोरी घेतली, स्वतः टोक धरले आणि दोन्ही तुकड्यांभोवती फिरवली. दोन्हीकडे चाळीस वाव भरली. दोरी सारखी, म्हणजे जागा सारखी. जुझेला होडी लावायला खाडी जवळ हवी होती; त्याने पट्टी घेतली. बस्त्यावला चौरस मिळाला. मध्ये गडगा घातला.

पुढच्या वर्षी वडील वारले. त्याच वर्षी मास्तरांना पहिल्यांदा चौथीचा वर्ग मिळाला आणि फळ्यावर आकृती काढताना त्यांच्या लक्षात आले. आपला चौरस दहा बाय दहा, आत शंभर. जुझेची पट्टी पंधरा बाय पाच, आत पंचाहत्तर.

ते त्याच संध्याकाळी सांगायला गेले. जुझेने ऐकून घेतले.

“बापाशीन धरलेली दोरी खोटी?” एवढेच तो म्हणाला.

त्यानंतर जुझे मास्तरांच्या घरात आला नाही. भांडण म्हणावे असे काही नव्हते. होडी आली की बांगडे गडग्यावरून येत, फणस गडग्यावरून जात. मास्तरांची बायको गेली तेव्हाही जुझे चर्चमध्ये आणि दफनाला पुढे होता, पण परतताना आपल्या दारी वळला. मास्तरांची मुलगी वसईला असते. त्या घरात ते एकटे आहेत.

या वर्षी जुझेची नात सेरा चौथीत गेली. घरच्या अभ्यासाला प्रश्न आला: दोन जागांची परिमिती सारखी असेल तर क्षेत्रफळ सारखे असते का? सेराने आजोबांना विचारले. तिने ‘हो’ लिहिले. बाईंनी फुली मारली.

जुझे गडग्यापाशी आला. मी तेव्हा माझ्या आवारात नारळ सोलत होतो.

“बस्त्याव, माझ्या नातीचा चुकला कसा?”

मास्तर इतकी वर्षे या प्रश्नाची वाट पाहत होते, पण त्यांनी शिकवले नाही. दोरी दुमडून लहान केली आणि गडग्यावरून दिली. “तुझ्याकडे लाद्यो उरल्यासत मां? तूच बघ.”

जुझेच्या अंगणात चौकोनी लाद्या होत्या. त्याने दोरीचा चौरस केला. आत सोळा बसल्या. तीच दोरी लांबट केली, बारा. सेरा मोजत होती. जुझेने लाद्या काढून पुन्हा मांडल्या. पुन्हा बाराच.

“बापाशीक म्हायत नव्हता,” तो म्हणाला.

“नव्हता. माका म्हायत होवक होया होता, मी ट्रेनिंग करून इल्लंय,” मास्तर म्हणाले.

जुझेने गडग्यावरून पलीकडे पाहिले. “हय काय कित्या लावलंस नाय?”

“ती तुझी जागा. तुका इचारल्याशिवाय कसा लावतलंय?”

जुझेने दोरी गुंडाळून गडग्यावर ठेवली.

“गडगो सरकवया,” मास्तर म्हणाले. “सव्वा वाव हडे घेव, मगे दोघांकय साडेसत्त्याऐंशी.”

“सरकव नको. काढ.”

सेराने वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. गडगा काढला तर दोन्हीकडचे दहा-दहा जाऊन भोवती ऐंशीचे साठ होतात, आणि आत एकशे पंचाहत्तर होते ते तेवढेच राहतात. तिने तो दोघांना दाखवला. मास्तरांनी तपासला आणि बरोबरची खूण केली.

चिरे आता फणसाखाली रचून ठेवले आहेत. मास्तरांच्या खांद्यावर दोरी नाही. टोकांची गाठ सोडवून ती एका घराच्या वाशापासून दुसऱ्या घराच्या वाशापर्यंत, मोकळ्या पट्टीवरून बांधली आहे. काल संध्याकाळी तिच्यावर दोन सदरे आणि शाळेचा एक फ्रॉक वाळत होता.