तानूबाईचा सिनेमा पहिला येतो

एका जंगलात टीव्ही आला, त्यानंतरची ही गोष्ट आहे, बाळांनो. म्हणजे फार जुनी नाही.

त्या जंगलात तानूबाई नावाची साळिंदरीण राहायची. 'चुकलेलं करडू' हा तिचा लाडका सिनेमा. दर रविवारी दुपारी शेजारची घोरपड यमुनाक्का यायची आणि दोघी तो पुन्हा बघायच्या. करडू आईला सापडलं की पोटभर रडायच्या, मग चहा घ्यायच्या. पुढे काय होणार ते ठाऊक असल्यामुळे जिवाला घोर नसायचा.

एकदा टीव्हीवर कोल्होबांचा कार्यक्रम सुरू झाला, 'जंगलातले शंभर महान सिनेमे'. शंभराव्यापासून सुरुवात, रोज एक. तानूबाई शंभर दिवस हलली नाही. करडू काही आलं नाही. पहिला नंबर गेला एका वडाच्या झाडाच्या सिनेमाला. त्यात झाड तीन तास उभं असतं.

"म्हणजे इतकी वर्षं आपण भलतंच बघत होतो," यमुनाक्का म्हणाली. पुढच्या रविवारी ती आली नाही. वड बघायला गेली.

तानूबाईला ते फार लागलं. तिने एकटीने चहा केला, तोही अर्धा टाकून दिला. मग ती कोल्होबांना रोज एक पत्र लिहू लागली. दुसऱ्या वर्षी कोल्होबांना यादीत काहीतरी बदल दाखवायचाच होता. पत्रं समोर होती. करडू पहिलं आलं.

त्या रविवारी यमुनाक्का आली. पाठोपाठ निम्मं जंगल आलं. घुबडशास्त्री वही घेऊन पुढेच बसले.

करडू चुकलं. तानूबाईने पदर डोळ्यांकडे नेला.

"रडू नका, बाई," शास्त्री म्हणाले. "ते करडू नाहीच."

"मग काय आहे?"

"समाजाची हरवलेली अस्मिता."

तानूबाईने निरखून पाहिलं. तिला करडूच दिसलं. पण रडू आलं नाही.

"इथे रडायचं असतं की नाही गं?" यमुनाक्काने हळूच विचारलं.

"शास्त्रीबुवांना विचार," तानूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने कोल्होबांना लिहिलं, की नाव यादीतून काढा. उत्तर आलं, की एकदा महान झालेला सिनेमा परत साधा करता येत नाही.

हल्ली रविवारी दोघी दाराला कडी लावून दुसराच एक सिनेमा बघतात. हसण्याचे, रडण्याचे आवाज येतात. सिनेमाचं नाव त्या कुणाला सांगत नाहीत. मला ठाऊक आहे, पण मीही सांगणार नाही.

तात्पर्य : आपल्या आवडीला जगाने मान द्यावा असं वाटत असेल, तर आधी दुसरी आवड शोधून ठेवावी.