आईचा जाहिरातीतला आवाज

टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली आणि त्यातली बाई कुजबुजली, "असं न्हा, की सगळ्यांनी वळून बघावं." सहावीतली लेक घास तोंडात धरून म्हणाली, "आई, हा तुझाच आवाज!"

आता आई डबिंगवाली, तर आवाज तिचाच असणार. पण असा हळू आवाज घरात कुणी ऐकला नव्हता. घरात ती ओरडायची. दिवसभर बंद, अंधाऱ्या खोलीत माइकपुढे कुजबुजून आलेली बाई घरी तरी कशाला हळू बोलेल?

"माझ्याकडे कुणीच वळून बघत नाही," लेक ताटाकडे बघत म्हणाली. "मी वाईट दिसते ना?"

आईने हातातला घास ताटात ठेवला. हे विष आपणच पोरीच्या कानात ओतलं! नवऱ्याने टीव्ही बंद केला आणि पेपरात तोंड खुपसलं. अशा वेळी बापांना पेपर बरा सापडतो.

लेक अर्ध्या ताटावरून उठली. आईने तिला आतल्या खोलीत गाठून जवळ घेतलं. असल्या गोष्टी शांतपणे समजवाव्यात, एवढं तिला ठाऊक होतं. तिने आवाज खाली आणला. "हे बघ राणी, आपलं शरीर..."

लेक दचकून मागे सरकली. "आई, तू साबण विकतेयस!"

आईने घसा खाकरला, घोटभर पाणी घेतलं. "बाळा, तुझं सौंदर्य..." छे! आता अत्तराची जाहिरात झाली. दुसरा हळू आवाज तिच्याकडे उरलाच नव्हता. ती मटकन खाली बसली. रडू फुटलं, तर मेलं तेही मालिकेतल्यासारखं.

"तू ओरड ना," लेक काकुळतीला आली. "ओरडतेस तेव्हा तू खरी वाटतेस."

मग आई ओरडली. "अगं, बाईचं अंग म्हणजे काय दुकानात मांडलेला माल आहे? लोकांनी वळून बघावं म्हणून कुणी आंघोळ करतं का? मळ जावा म्हणून करतात! तू आहेस तशी चांगली आहेस. आणि कुणी अंगावरून वेडंवाकडं बोललं, तर आधी मला येऊन सांगायचं. कळलं?"

"मग टीव्हीत तसं का बोललीस?"

"पोटासाठी बोलले, कार्टे! हे फुकट सांगतेय, म्हणून हे खरं!"

लेकीने तिला घट्ट मिठी मारली. तेव्हा कुठे आईचं लक्ष गेलं, खिडकी सताड उघडी होती आणि इमारतीतले सगळे टीव्ही गप्प होते. ती शरमेने खिडकी लावायला गेली, तर खालच्या मजल्यावरची शेजारीण गॅलरीतून वर बघत उभी.

"ताई, लावू नका," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. आमच्या पोरीला आत्ताच बाहेर बोलावलंय."