चरबीपासून नळ्या करण्याची मान्यताप्राप्त पद्धत

कर्ब सगळीकडे असतो, पण प्रत्येक कर्बाला प्रतिष्ठा नसते. टोल्युइनचंच घ्या. कारखान्यातला स्वच्छ, स्वस्त द्रव. त्यात लोह असलेली चिमूटभर पूड विरघळवायची, भट्टीत तापलेल्या काचेच्या नळीत त्याचा फवारा सोडायचा, की आतल्या भिंतीवर काळी लव उगवते. ती लव म्हणजे कर्बाच्या पोकळ नळ्या, केसाच्या हजाराव्या हिश्शाइतक्या बारीक. ही युक्ती दर वेळी साधते, आणि म्हणूनच संशोधनाच्या दृष्टीने ती निरुपयोगी आहे.

त्यामुळे मेक्सिकोतल्या मोरेलिया शहरातल्या एका संस्थेत पर्यायी कर्बाचा शोध जोरात होता. पाइनच्या चिकातलं टर्पेंटाइन एका प्राध्यापकाने धरलं (तेही दर वेळी साधतं, त्याची बढती रखडली आहे). अव्होकाडोच्या तेलावर डॉ. ओब्दुलिया सांदोवाल यांनी आधीच हक्क सांगितला होता. एकाने सासूच्या हातचा मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, फवारून पाहिला. फवाऱ्याचं तोंड अजून साफ होतंय, आणि सासू बोलत नाही.

युनुएन त्सिंत्सुन या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीचा नंबर लागला तेव्हा मिचोआकान राज्यात मोकळा असा एकच कर्ब उरला होता, तो म्हणजे तिच्या मामाची चरबी. हे मामा, डॉन एवोदिओ, किरोगा गावाच्या चौकात कार्नितास विकत. तांब्याच्या कढईत डुकराचं मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास शिजत ठेवायचं, हा घराण्याचा धंदा. भाची त्यांच्या चरबीवर डॉक्टर होणार, हे त्यांनी गावात इतक्यांदा सांगितलं की गिऱ्हाईक मांस घेताना विचारू लागलं, "यातलं विज्ञान काढून घेतलंय की आहे अजून?"

पहिल्या प्रयोगात चरबी थिजून फवारा बंद पडला. दुसऱ्यात ती गरम केली, तर शेजारचा अख्खा विभाग मक्याच्या टॉर्टिया घेऊन दारात आला. तेव्हा तिचे मार्गदर्शक डॉ. बेदोया यांनी तोडगा सुचवला.

"थोडं टोल्युइन घाल की. पातळ होण्यापुरतं."

पातळ होण्यापुरतं घालता घालता बाटलीत टोल्युइन आणि वर चमचाभर चरबी, एवढ्यावर प्रमाण स्थिरावलं. नळ्या सुरेख आल्या. युनुएनचा स्वभाव मूळचा खोडकर. तिने एकदा चमचाही गाळला. नळ्या तशाच सुरेख! सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही ठेवल्या तर जुळ्या बहिणी.

"सर, चरबी न घालताही आल्या."

"मग प्रयोग चुकला तुझा," बेदोया शांतपणे म्हणाले. "चरबी घालायची विसरलीस."

"विसरले नाही, सर. मुद्दाम नाही घातली."

"मुद्दाम चूक केलीस? इतक्या वर्षांची मेहनत आहे, पोरी. परीक्षा होऊ दे."

परीक्षा रीतीप्रमाणे सर्वांसमोर झाली. पहिल्या रांगेत आई, मावश्या, आणि हॅट मांडीवर घेतलेले मामा. मागच्या टेबलावर नंतरच्या खाण्यासाठी मामांनीच आणलेली कार्नितास झाकून ठेवलेली. परीक्षकांचं लक्ष अधूनमधून तिकडे जात होतं. युनुएन मनात हिशेब करत होती. बोलावं तर पदवी जाणार आणि मामाची शोभा होणार. न बोलावं तर जन्मभर हा चमचा आपल्या नावापुढे लागणार.

"चरबीचं प्रमाण काय?" डॉ. सांदोवाल यांनी सहज विचारलं.

"चमचाभर. बाकी सगळं टोल्युइन," युनुएन एका दमात म्हणाली. "आणि चमचा काढला तरी काही बिघडत नाही. मी करून पाहिलंय."

डॉ. सांदोवाल यांना (यांचं अव्होकाडो तेल थेंबात मोजलं जातं) एकाएकी खोकला आला. परीक्षक मंडळ विचारविनिमयासाठी आत गेलं आणि लगेच बाहेर आलं. निर्णय एकमताचा होता. प्रबंध उत्कृष्ट आहे. पदवी सन्मानपूर्वक देण्यात येत आहे. प्रश्नोत्तरांदरम्यान घबराटीपोटी निघालेली उमेदवाराची वाक्ये कामकाजातून वगळण्यात येत आहेत.

टाळ्या कडाडल्या. ती वाक्यं ऐकलेला माणूस सभागृहात एकच निघाला.

"म्हणजे माझी चरबी लागलीच नाही?" मामांनी विचारलं.

"नाही लागली, मामा."

मामांचा चेहरा पडला. नापास झाले असते तर बरं, असं युनुएनला अगदी मनापासून वाटलं. तिने त्यांचा हात धरला.

"रागावलात?"

"तुझ्यावर कशाला? खरं बोललीस तू." त्यांनी परीक्षकांकडे पाहिलं. ती मंडळी एव्हाना टेबलापाशी टॉर्टिया उलगडत होती. "पण चौकात सांगू काय मी? टोल्युइन म्हटलं तर कोण थांबतंय ऐकायला?"

पुढच्याच आठवड्यात एक बातमीदार आला. युनुएनने त्याला दोन्ही सांगितलं, चरबीचंही आणि चमच्याचंही. छापून चरबी आली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. टोल्युइनपासून नळ्या होतात हे या गोष्टीच्या पहिल्याच परिच्छेदात सांगून झालं होतं, आणि सांगण्यासारखं खरं तेवढंच होतं. तरी वाचक चरबीच्या वासावर इथपर्यंत आलेच ना?